रस्ता आडवा मोजून पाहा

मोठ्या रस्त्याच्या पुनर्विकासाचं प्रदर्शन मांडलं जातं तेव्हा भिंतीवर दोन चित्रं हमखास असतात. एक लांबलचक नकाशा. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेली जाड रेघ, तिच्यावर चौकांचे ठिपके आणि कोपऱ्यात एकूण किलोमीटर. दुसरं चित्र संगणकावर रंगवलेलं. कलती उन्हं, दोन्ही बाजूंना एकाच उंचीची झाडं, सायकलवर हसणारी मुलगी आणि सबंध रस्त्यावर मोजून चार गाड्या. लोक या दुसऱ्या चित्रापुढे थांबतात, फोटो काढतात, पुढे जातात. तिसरंही एक चित्र असतं, पण ते अहवालाच्या परिशिष्टात दडलेलं. रस्ता करवतीने आडवा कापला तर कसा दिसेल, तो त्याचा छेद. पदपथ २ मीटर, झाडांची पट्टी १ मीटर, साडेतीन-साडेतीन मीटरच्या मार्गिका, मधे दुभाजक, मग तेच सगळं उलट्या क्रमाने. शाळकरी पोराने पट्टीने आखावं इतकं साधं. ज्यांना रस्त्यावरून भांडायचं आहे त्यांनी या तिसऱ्या चित्राशी भांडावं, असं माझं मत आहे.

कारण कोणाला किती जागा हे तिथेच ठरतं, आणि लोकांना विचारायची वेळ येते तेव्हा ते ठरून गेलेलं असतं. हरकती आणि सूचना मागवतात त्या बाकड्यांच्या आकारावर, फरशीच्या रंगावर, झाडं कोणती लावावीत यावर. मार्गिका सहा असाव्यात की चार, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण ती ‘तांत्रिक बाब’ असते. तांत्रिक बाब म्हणजे जिच्याविषयी तुम्हाआम्हाला विचारलं जाणार नाही ती बाब, असा त्याचा अर्थ मी अनेक सभांना बसून लावला आहे.

रस्ता लांबीतच का मोजतात? तो ज्यांच्यासाठी आखला जातो ते लांबीत जातात म्हणून. इथून तिथे किती मिनिटांत पोचता येईल, हीच सगळ्या योजनेची कसोटी. पण रस्त्याच्या दोन्ही काठांना राहणारी, शिकणारी, दुकान चालवणारी, दवाखान्यात जाणारी माणसं दिवसातून चारदा तो आडवा पार करतात. त्यांच्यापुरता रस्ता किलोमीटरचा नसतोच, तो तीस मीटरचा असतो. आणि हे तीस मीटर पार करायला किती वेळ लागतो, किती वेळ ताटकळावं लागतं, जीव किती मुठीत धरावा लागतो, याचा रकाना माझ्या पाहण्यातल्या एकाही प्रकल्प अहवालात नव्हता.

एकदा सहा मार्गिकांच्या एका रस्त्यावर, सिग्नलपाशी, सकाळचा तासभर मी नुसता उभा राहिलो. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. काठापासून काठापर्यंतचं अंतर आधी पावलांनी मोजून घेतलं होतं, साधारण ३० मीटर. पायी चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा २५ सेकंदांचा. एक सत्तरीच्या आसपासच्या बाई आल्या, डाव्या हातात पिशवी. दिवा हिरवा होता, पण त्या उतरल्या नाहीत. उरलेल्या सेकंदांवर त्यांचा भरवसा नव्हता. पूर्ण लाल दिवा उभ्या राहून काढला आणि पुढचा हिरवा लागताच पहिलं पाऊल टाकलं. दुभाजकापाशी पोचल्या तेव्हा समोरचे आकडे दहाच्या खाली आले होते. क्षणभर थबकल्या. मधे उभं राहायला जागा जेमतेम हातभर, त्यातही एक खांब. त्या पुढे निघाल्या. शेवटच्या दोन मार्गिका उरल्या असताना आकडे संपले. पलीकडच्या दुचाक्या तोवर झेब्रा पट्ट्यांवर येऊन गुरगुरत होत्याच. बाई पळाल्या नाहीत, त्यांना पळता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी मोकळा हात वर करून तळवा दाखवला. तो तळवा गाड्यांना थांबवायला होता की त्यांची माफी मागायला, हे मला आजही सांगता येणार नाही.

हिशेब सोपा आहे. वाहतूक अभियंत्यांनी सेकंदाला १.२ मीटर ही चालण्याची गती कित्येक दशकं गृहीत धरली. त्या हिशेबाने ३० मीटरला २५ सेकंद बरोबर पुरतात. पण इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्या माणसांची चाल प्रत्यक्ष मोजून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांची सरासरी सेकंदाला ०.९ मीटर आणि बायकांची ०.८ मीटर निघाली. पासष्टीपुढच्या ७६ टक्के पुरुषांना आणि ८५ टक्के बायकांना १.२ मीटरची गती गाठता येत नव्हती. म्हणजे ०.८ च्या चालीने २५ सेकंदांत बाई २० मीटरवर असतात. भर रस्त्यात. अपवादात्मक दुबळ्या माणसाची ही गोष्ट नाही, एका वयातल्या बहुसंख्य बायकांची आहे. अमेरिकेच्या सिग्नल नियमावलीने २००९ मध्ये ही गृहीत गती सेकंदाला साडेतीन फुटांवर, म्हणजे सुमारे १.०७ मीटरवर आणली. सुधारणाच म्हणायची, पण त्या चालीनेही आपल्या बाई काठावर पोचत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर असतं पादचारी पुलाचं. तीस मीटर पार करण्यासाठी सहा मीटर वर चढा, तेवढेच खाली उतरा, आणि त्यासाठी दोनशे मीटर उलटं चालत जा. मग लोक पुलाखालूनच रस्ता ओलांडतात आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो. गाडीवाल्याला सपाट रस्ता आणि पायी चालणाऱ्याला जिने, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली हे विचारायचं राहूनच जातं. भुयारी मार्गाचंही तेच, वर अंधार आणि तुंबलेलं पाणी बोनस.

खरा उपाय छेदाच्या चित्रात आहे. साडेतीन मीटरची मार्गिका महामार्गाच्या वेगासाठी ठीक आहे. शहरात तीन मीटरची पुरते, बसच्या मार्गिकेला थोडी जास्त लागेल. सहा मार्गिकांमागे अर्धा-अर्धा मीटर काढला की तीन मीटर हाती लागतात, एकही मार्गिका न घालवता. एवढ्याने बाईंचा जवळजवळ चार सेकंदांचा रस्ता कमी होतो. दुभाजकाला दोन मीटर दिले तर पिशवी घेऊन, बाळाची गाडी घेऊन, चाकाच्या खुर्चीतून मधे थांबता येतं. कोपऱ्यावरचं वळण किती गोल ठेवायचं हाही त्याच चित्रातला प्रश्न. गोलाई मोठी असली की गाडी वेग कमी न करता वळते आणि पायी चालणाऱ्याचं अंतर काही मीटरनी वाढतं. गोलाई आवळली की ड्रायव्हरला ब्रेकवर पाय ठेवावाच लागतो. फलक लावून, दंड आकारून जे साधत नाही ते कडेचा दगड दोन मीटर पुढे सरकवून साधतं.

आणि वेग हा शिष्टाचाराचा विषय नाही. रस्त्यांवरच्या अपघातांत जगात दर वर्षी सुमारे ११.९ लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, हाही त्याच संघटनेचा आकडा. रुंद, सरळ, मोकळी मार्गिका ड्रायव्हरला जोरात जा म्हणून सांगत असते. पुढे ‘वेगमर्यादा ४०’ असा फलक लावणं म्हणजे उतारावर चेंडू सोडून त्याला हळू जा म्हणण्यासारखं आहे.

मग असे रस्ते आखलेच का जातात? आखणारे दुष्ट असतात असं नाही. ते जे मोजतात ते त्यांना दिसतं. वाहतुकीच्या मोजणीत ‘पीसीयू’ नावाचं एकक वापरतात, म्हणजे एका मोटारीएवढी जागा. मोटार एक. बस साधारण तीन. आता त्या बसमध्ये पन्नास माणसं कोंबलेली असोत की ती रिकामी असो, कागदावर ती तीनच. म्हणजे बस हा तिप्पट अडथळा ठरतो. पायी चालणाऱ्याला पीसीयू नाहीच. सकाळी आठ ते दहा हजार माणसं एखादा चौक ओलांडत असतील, मोजणीच्या तक्त्यात तिथे शून्य असतं. या तक्त्यावरून वीस वर्षांनंतरच्या गर्दीचा अंदाज बांधला जातो, त्यावरून मार्गिका ठरतात आणि त्या मार्गिकांतून उरलेली जागा पदपथाला मिळते. उरलेल्या दोन मीटरमध्ये विजेचा खांब, केबलची पेटी, झाडाचं आळं, दिशादर्शक फलकाचे दोन पाय आणि जाहिरातीचा डबा उभा राहतो. चालायला उरतं ते साठ सेंटिमीटर. नंतर कोणीतरी म्हणतं, लोक पदपथ वापरतच नाहीत.

हेच माणसांच्या हिशेबाने मोजलं तर चित्र उलटं होतं. शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो ही उत्तर अमेरिकेतली संघटना. तिच्या मार्गदर्शिकेनुसार सुमारे तीन मीटरच्या एका पट्टीतून खासगी गाड्यांनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तीच पट्टी फक्त बसला दिली आणि बस वारंवार सोडल्या तर ४,००० ते ८,०००. तीच पदपथाला दिली तर ९,००० पर्यंत. हे आकडे आदर्श परिस्थितीतले आहेत, मान्य. निम्मे धरा. तरी निष्कर्ष हलत नाही.

आडव्या रस्त्याची मला सर्वांत प्रिय मोजणी नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांना घरोघर जाऊन विचारलं. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,००० आणि तिसऱ्यावर १६,०००. त्या रस्त्यावर तुमचे मित्र किती? शांत रस्त्यावर माणशी सरासरी तीन निघाले. सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर एकाहून कमी, ०.९. तुमचं ‘घर’ कुठवर पसरलंय ते नकाशावर दाखवा, असंही त्यांनी सांगितलं होतं. शांत रस्त्यावरचे लोक सबंध रस्ता आपला म्हणून रेघ ओढत. वर्दळीच्या रस्त्यावरचे आपल्या इमारतीशी थांबत, काही तर खोलीच्या दाराशी. १९७२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आज त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली, आणि रस्त्याच्या प्रकल्प अहवालात ‘या रस्त्याने किती मैत्र्या तुटतील’ असा रकाना अजून नाही. ॲपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेने गेले.

तुटणं कधी मैत्रीपुरतं थांबत नाही. अमेरिकेत सेंट पॉल शहरात राँडो नावाची कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती होती. १९५० आणि ६० च्या दशकांत तिच्या मधोमध महामार्ग घातला गेला. शेकडो घरं गेली, दुकानं गेली, उरलेली वस्ती दोन काठांवर फेकली गेली. २०१५ मध्ये शहराच्या महापौरांनी जाहीर माफी मागितली. रेघ कुठून ओढायची हे ठरवताना जमीन जिथे स्वस्त आणि आवाज जिथे हळू, तिथून ती जाते. हे एका देशाचं वैशिष्ट्य नाही.

आता कोंडीकडे येऊ, कारण प्रत्येक सभेत शेवटी कोणीतरी उठून तेच विचारतं: हे सगळं ठीक, पण गाड्यांचं काय? प्रश्न रास्त आहे. रोज दीड तास त्या रस्त्यावर अडकणाऱ्या माणसाला ॲपलयार्डची गोष्ट सांगून उपयोग नाही. त्याला सांगायचं ते असं, की रुंदीकरणाचं औषध त्याच्याच आजारावर लागू पडत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या केटी फ्रीवे या महामार्गाचं रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झालं. खर्च सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि कडेचे सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबत गेला. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून २०११ मध्ये दाखवलं की महामार्गांच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचा प्रवास वाढतो. गूढ काही नाही. रस्ता मोकळा झाला की जो बसने जात होता तो गाडी काढतो, जो सकाळी लवकर निघत होता तो आरामात निघतो, जो जवळ राहत होता तो लांब स्वस्तात घर घेतो. सगळे पुन्हा त्याच सिग्नलला भेटतात, फक्त आता सहा रांगांत.

याच्या उलटही घडतं आणि ते पचवायला जास्त जड जातं. रस्ता अरुंद केला किंवा काढूनच टाकला, तर तिथल्या सगळ्या गाड्या शेजारच्या गल्ल्यांत घुसतील अशी भीती असते. केर्न्स, ॲटकिन्स आणि गुडविन या संशोधकांनी ११ देशांतली अशी सत्तरहून अधिक उदाहरणं गोळा करून २००२ मध्ये मांडली. त्या रस्त्यावरच्या आधीच्या वाहतुकीपैकी सरासरी सुमारे २२ टक्के वाहतूक आजूबाजूच्या रस्त्यांवरही सापडली नाही, नाहीशीच झाली होती. मात्र मध्यक पाहिला, म्हणजे सगळी उदाहरणं चढत्या क्रमाने लावून बरोबर मधलं घेतलं, तर घट ११ टक्क्यांच्या आसपासच होती. म्हणजे काही उदाहरणांत खूप घट, बऱ्याच ठिकाणी बेताची, काही ठिकाणी नाहीच. माझ्या बाजूचे लोक २२ चा आकडा सांगतात आणि ११ चा गिळतात, तो मी मुद्दाम इथे ठेवतो.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथलं चंग्येचन हे या विषयातलं सर्वांत गाजलेलं नाव. ओढा बुजवून वर रस्ता, रस्त्यावर उन्नत महामार्ग, रोज दीड लाखाहून अधिक वाहनं. २००३ ते २००५ मध्ये शहराने ते सगळं उतरवून ५.८ किलोमीटरचा प्रवाह पुन्हा उघडा केला. शहर ठप्प झालं नाही. पण याचं श्रेय नुसत्या ओढ्याला देऊ नये. २००४ च्या जुलैत सोलने आपली सबंध बससेवा नव्याने बांधली होती, मुख्य रस्त्यांच्या मधोमध बसमार्गिका टाकल्या होत्या. नुसती पहिली वाट काढली नाही, लोकांना जायला दुसरी वाटही दिली. दुसरी एक गोष्ट सुंदर छायाचित्रांत दिसत नाही. त्या महामार्गाच्या सावलीत पोट भरणारे शेकडो फेरीवाले हटवले गेले. त्यातल्या अनेकांना जवळच्या एका जुन्या क्रीडांगणात जागा दिली, आणि पुढे काही वर्षांत ते क्रीडांगणही पाडून तिथे दिमाखदार डिझाइन केंद्र उभं राहिलं. म्हणून ‘रस्ता माणसांना परत दिला’ असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कोणत्या माणसांना? जमिनीचे भाव चढले की ज्यांच्यासाठी पदपथ रुंद केला तेच भाडं परवडेनासं होऊन निघून जातात. याची तजवीज छेदाच्या चित्रात करता येत नाही, ती भाडेकरू आणि विक्रेत्यांच्या लेखी हक्कांतच करावी लागते, आणि तीही कुदळ पडायच्या आधी.

दुकानदारांचा विरोध हा दुसरा मोठा अडसर. त्यांची भीती खोटी नाही, खोदाईच्या एका हंगामात छोटं दुकान बसू शकतं. पण ‘पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं’ हे समीकरण तपासून पाहायला हवं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये हे तपासलं गेलं. दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाइकं गाडीने येतात. प्रत्यक्षात गिऱ्हाइकांनाच विचारलं तर २२ टक्के निघाली. चूक समजण्यासारखी आहे. दारापुढे उभी असलेली गाडी गल्ल्यावरून दिसते. चालत आलेलं गिऱ्हाईक कसं आलं ते कुठे दिसतं? आणि बहुतेकदा दारापुढची गाडी दुकानदाराचीच असते, हे मी दुखावण्यासाठी म्हणत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतही व्यापाऱ्यांचा असाच विरोध झाला. तिथला एम्बार्कडेरो हा किनाऱ्यावरचा दुमजली महामार्ग १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झाला. तो पाडायला चायनाटाउनच्या व्यापाऱ्यांचा कडाडून विरोध होता. गिऱ्हाईक तुटेल ही त्यांची भीती होती आणि काही काळ त्यांना झळ बसलीही. तरी १९९१ मध्ये पाडकाम सुरू झालं, आणि त्याच वर्षी पाडायच्या बाजूने उभे राहिलेले महापौर आर्ट ॲग्नोस निवडणूक हरले. हरण्याला आणखीही कारणं होती. आज तिथे रुंद हमरस्ता, ट्राम आणि खुला किनारा आहे, आणि तो महामार्ग परत हवा असं म्हणणारं कोणी भेटणार नाही. मात्र राजकारण्यांनी या गोष्टीतून काय धडा घ्यावा हे मी सांगू शकत नाही. त्यांना तो बहुधा उलटाच दिसतो.

अपयशाचं उदाहरण टाळलं तर ही वकिली होईल. दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बीआरटी, म्हणजे जलद बससेवेचा, मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. मधोमध बसच्या मार्गिका, कडेला गाड्यांच्या. बस वेगात जाऊ लागल्या, गाड्या अडकू लागल्या, आणि वर्तमानपत्रांतून गाडीवाल्यांचाच आवाज उमटला. मार्गिका हटवा ही मागणी उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली, तरी २०१६ मध्ये मार्ग उखडला गेला. मला त्यात मुख्य चूक दिसते ती तुकड्याची. सबंध जाळ्याचा एक छोटा तुकडा बांधला आणि पुढे काही जोडलंच नाही. मार्गिकेबाहेर पडली की बस पुन्हा त्याच गर्दीत. ज्याने गाडी सोडावी अशी अपेक्षा होती, त्याला घरापासून कामापर्यंत सलग सोय कधी मिळाली नाही, जाच मात्र पहिल्या दिवसापासून मिळाला. दुसरं, थांबे रस्त्याच्या मधोमध असल्याने प्रत्येक बसप्रवाशाला गाड्यांच्या मार्गिका ओलांडाव्याच लागत. म्हणजे बसचा प्रश्नही शेवटी आडव्या रस्त्याचाच होता.

रुग्णवाहिकेचा मुद्दा नेहमी निघतो, त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: कोंडलेल्या सहा मार्गिकांपेक्षा मोकळ्या एका बसमार्गिकेतून रुग्णवाहिका लवकर पोचते. मात्र लांब उपनगरात राहणाऱ्या, रात्रपाळीवरून येणाऱ्या, हत्यारांची पेटी घेऊन हिंडणाऱ्या कारागिराचा मुद्दा इतक्या सहज निकाली काढता येत नाही. त्याच्यापुरती बस नाही आणि सायकल शक्य नाही. त्याला गाडीची मार्गिका लागणारच. म्हणून गाड्या हद्दपार करा असं मी म्हणत नाही. त्याच्या गाडीला वाट मिळावी यासाठीच बाकीच्यांना दुसरी वाट द्या, असं म्हणतो.

पद्धतीबद्दल दोन गोष्टी. पहिली, कायमचं काँक्रीट ओतण्याआधी रंगाने आणि कुंड्यांनी करून पाहावं. टोरांटोने किंग स्ट्रीटवर नोव्हेंबर २०१७ मध्ये तेच केलं. गाड्यांना सरळ जायला बंदी, ट्रामला मोकळी वाट, साहित्य तात्पुरतं. कामकाजाच्या दिवशीचे ट्रामप्रवासी सुमारे ७२,००० वरून ८४,००० वर गेले. काही उपाहारगृहांनी आरडाओरडा केला, शहराने आकडे मांडले आणि २०१९ मध्ये बदल कायम झाला. फसलं असतं तर रंग खरवडून काढता आला असता. उड्डाणपूल खरवडता येत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीखालची. जुना मोठा रस्ता उकरला की खाली आणखी एक शहर सापडतं: पाण्याच्या मुख्य वाहिन्या, मैलावाहिनी, पावसाचं पाणी, वीज, गॅस, फोनच्या केबल, आणि ज्यांचा नकाशा कोणाकडेच नाही असे पाइप. वर नवी फरशी बसवून सहा महिन्यांत ती केबलसाठी फोडली जाते, कारण वरचं काम एका खात्याचं आणि खालचं सहा खात्यांचं. झाडांची मुळंही तिथेच असतात. पदपथाच्या कडेला जड काँक्रीटचा खंदक खणला की त्या दिवशी झाड हिरवंच दिसतं, दोन-तीन पावसाळ्यांनी आडवं होतं. तेव्हा खापर वाऱ्यावर फुटतं. माझं चालतं तर छेदाचं चित्र कडेच्या दगडाशी थांबवू न देता जमिनीखाली तीन मीटरपर्यंत काढायला लावलं असतं, आणि त्यावर सगळ्या खात्यांच्या सह्या घेतल्या असत्या.

एका सुनावणीत मी उठून विचारलं होतं, नव्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती सेकंदांचा असेल? मंचावर थोडी कुजबुज झाली. सल्लागारांनी सांगितलं, सिग्नलच्या वेळा पुढच्या टप्प्यात ठरतील. रस्त्याची रुंदी मात्र या टप्प्यात ठरली होती. मी म्हटलं, रुंदी ठरली म्हणजे सेकंदही ठरले. हा भागाकार आहे. यावर त्यांनी मान हलवली आणि नोंद घेतल्याचं सांगितलं. मागच्या रांगेत एक आजोबा बसले होते. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, “मला चाळीस लागतात. मी मोजलेत.”